जोडीचे आणि सुटे

डॉक्टरीणबाईंनी एप्रन लाँड्रीच्या काउंटरवर ठेवला आणि कॉलरला टाचलेली चिठ्ठी दाखवली. चिठ्ठीवर इंग्रजीत ‘ऑल टुगेदर’, म्हणजे ‘सगळे एकत्र’, असं लिहिलेलं.

“हे काय? मी तर एकच कपडा दिला होता.”

इस्त्रीच्या टेबलामागे सासूबाईंचा चेहरा पडला. सुनेने ओठ दाबून हसू आवरलं, कारण युक्ती तिचीच होती. सासूबाई शाळेची शेवटची परीक्षा देत होत्या. बाकीचे विषय कधीच सुटले होते, इंग्रजीने मात्र दोनदा दगा दिला होता. ‘एव्हरीडे’ जोडून कधी आणि तोडून कधी, ‘मेबी’ एक शब्द की दोन, यात त्यांचं डोकं भणाणून जाई. या वेळी गेलं तर पुस्तकं रद्दीत घालीन, असं त्यांनी घरात जाहीर करून टाकलं होतं, आणि बाई बोलल्याप्रमाणे करणाऱ्या होत्या.

मग सुनेने दुकानाचीच रीत कामाला लावली. कोट-पँट जोडीने एका हँगरवर जायची, तिथे जोडून लिहायच्या शब्दाची चिठ्ठी. सुट्या कपड्याला तोडून लिहायचा शब्द. इस्त्री फिरवता फिरवता सासूबाई त्या शब्दाची वाक्यं पुटपुटत. गिऱ्हाईक यायच्या आत चिठ्ठ्या काढायच्या, एवढंच त्या दिवशी राहून गेलं.

सुनेने सगळं सांगून टाकलं. डॉक्टरीणबाई मनापासून हसल्या आणि जाताना एक वाक्य विचारून गेल्या. गल्लीभर बातमी पसरली. येईल ते गिऱ्हाईक कपडे घेण्याआधी सासूबाईंची परीक्षा घेऊ लागलं. सासरे वैतागले, म्हणाले की धंदा करायचा की शिकवणी. पण चिठ्ठ्या कापून तेच ठेवत.

निकाल लागला तेव्हा दुकानात गर्दी होती. मुलगा मोबाइल घेऊन धावत आला.

“थांब, बाही राहिलीय,” सासूबाई म्हणाल्या. बाही नीट झाली. इस्त्री उभी करून त्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

“आई, पास झालीस. इंग्रजीतसुद्धा.”

सून त्यांच्या गळ्यातच पडली. सासरे उगाच हँगर पुसत राहिले. सासूबाईंनी डोळे टिपले, काउंटर ओलांडून बाहेर आल्या आणि गिऱ्हाइकांच्या खुर्चीत ऐसपैस बसल्या. इतक्या वर्षांत त्या तिथे कधी टेकल्यासुद्धा नव्हत्या.

तेवढ्यात कोणीतरी कपड्यांचं गाठोडं पुढे केलं.

“जरा थांबा,” त्या म्हणाल्या. “मी आत्ता बसलेय.”