त्रेसष्टची पट्टी, चौसष्टची काच

जुन्या मोटारींच्या मेळाव्यात आमच्या गाडीपाशी येणारा माणूस पहिला प्रश्न कोणता विचारतो, तर "ही त्रेसष्ट सालची की चौसष्टची?" उत्तर त्याला माहीत असतं. नुसतं खिजवायचं असतं. क्लबातले लोक तिला साडेत्रेसष्टच म्हणतात. "सरका रे, साडेत्रेसष्ट आली," असं म्हणत खुर्च्या मागे घेतात. माझा नवरा नॉर्ब त्यांच्याबरोबर हसतो. मी नाही हसत. मला मनात एक आणि ओठावर एक जमत नाही, कधी जमलंच नाही.

फरक म्हणाल तर इतकासा. इथे सेंट लुईसच्या उत्तर भागात जो कारखाना होता, तिथून ही कॉर्व्हेट गाडी बाहेर पडायची. माझे सासरे तिथेच दारं बसवायचे. त्रेसष्टच्या गाडीच्या मागच्या काचेवरून मधोमध छपराची एक पट्टी खाली उतरायची, त्यामुळे काचेचे दोन तुकडे व्हायचे. बॉनेटवर दोन खोट्या जाळ्या होत्या. चौसष्ट साली जाळ्या गेल्या, खळगे राहिले, आणि ती मधली पट्टी जाऊन अखंड काच आली. बाकी घड्याळाचे काटे आणि चाकाच्या टोप्या यांवर पुरुष जेवण थंड होईपर्यंत भांडू शकतात, ते मी त्यांच्यावर सोडते.

आज त्या पट्टीसाठी लोक जीव टाकतात. पण त्या काळी चौसष्टची गाडी दिसली आणि त्रेसष्टवाल्यांना आपली गाडी शिळी वाटायला लागली. गाडीचं अंग पत्र्याचं नाही, काचतंतूचं, म्हणजे फायबरग्लासचं. करवतीने कापता येतं. किती जणांनी हौसेने ती पट्टी कापून टाकली आणि नव्या सालाची काच बसवून घेतली. हौसेला मोल नसतं म्हणतात. अक्कल तर मुळीच नसते.

आमच्या गाडीची पट्टी नॉर्बने नाही कापली. ती कापवली त्याच्या धाकट्या भावाने, क्लेमने. नॉर्बला सैन्यातून बोलावणं आलं, तो व्हिएतनामला गेला. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी जेवताना तो कुरकुरला होता, की या पट्टीमुळे मागचं काही दिसत नाही, चौसष्टवाल्यांची मजा आहे. क्लेम तेव्हा जेमतेम मिसरूड फुटलेला. भाऊ परत येईपर्यंत त्याने लोकांच्या अंगणातलं गवत कापून, बर्फ उपसून पैसे जमवले आणि गाडी चौसष्टची करून ठेवली. नॉर्ब आला, गाडीभोवती फिरला, मागच्या काचेवर तळहात ठेवला आणि म्हणाला, "छान केलंस, क्लेम." मग गॅरेजचं दार लावून बराच वेळ आत बसला, असं सासूबाई सांगायच्या. पुढे पन्नास वर्षांत त्याने त्यावर चकार शब्द काढला नाही. मूग गिळून बसावं तर नॉर्बने.

आमचं लग्न त्यानंतरचं. मी पाहिली ती अखंड काचेचीच गाडी. त्या काचेच्या उजव्या कोपऱ्यात, आतल्या बाजूने, एक ओरखडा होता. मेळाव्यात परीक्षक दरवर्षी काच भलत्या सालाची म्हणून गुण कापायचा, आणि मग त्या ओरखड्यावर बोट ठेवून आणखी कापायचा. "नॉर्ब, काच तरी बदल," म्हणायचा. नॉर्ब मान डोलवायचा आणि घरी येऊन सगळी गाडी पुसायचा, तो कोपरा सोडून.

या वसंतात नॉर्ब चर्चच्या पायरीवरून पडला आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, मग चालायला शिकवतात तिथे ठेवला. क्लेम आला आणि म्हणाला, गाडी बंद राहून खराब होईल, मी नेतो, तेलपाणी बघतो. मी किल्ली दिली. माझं लक्ष नॉर्बच्या पायाकडे होतं.

नॉर्ब रविवारी घरी यायचा होता. शुक्रवारी सकाळी क्लेमने मला गॅरेजमध्ये नेलं आणि डोळे मिटायला लावले. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण उड्या मारायचा काय तो बाकी होता.

"उघड आता," तो म्हणाला.

गाडी पाठमोरी उभी होती. फिकट निळी, आरशासारखी. आणि मागे काचेचे दोन तुकडे, मधून छपराची पट्टी खाली आलेली.

"कारखान्यातून निघाली तशी केली, इर्मा. आता कोण साडेत्रेसष्ट म्हणतो बघू. बोल की काहीतरी."

"काच कुठे आहे?"

"ही काय समोर. एकीच्या दोन झाल्या."

"जुनी, क्लेम."

"जुनीचं काय लोणचं घालणार आहेस?"

"जुनी काच कुठे आहे?"

माझा आवाज ऐकून त्याचं हसू उतरलं. "फोडली," तो म्हणाला. "घरी नेली, अंगणातल्या खडीवर ठेवली आणि हातोडा घेतला. पन्नास वर्षं छळलंय तिने मला. लोक त्याला हसायचे आणि माझी मान खाली जायची. आणि तो ओरखडा. तोही माझ्यामुळेच. काच बसवताना त्या माणसाचा पेचकस घसरला असणार. नॉर्बने कधी ब्र काढला नाही, म्हणून तर जास्त लागायचं. एवढं बरं वाटलं फोडताना, काय सांगू तुला."

तिथे एक बादली पालथी होती, तिच्यावर मी बसले.

"तो ओरखडा ट्रुडीचा होता," मी म्हणाले.

ट्रुडी आमची मुलगी. एकुलती. ही गाडी दोनच आसनांची, म्हणून ती मागे, सामान ठेवायच्या जागेत, काचेखाली उताणी पडून यायची. आभाळ बघत. एका उन्हाळ्यात मी भांडी घासताना खिडकीत काढून ठेवलेली हिऱ्याची अंगठी तिने घेतली आणि गाडीत जाऊन काचेवर आपल्या नावाचं पहिलं अक्षर, इंग्रजी टी, कोरायला बसली. एक उभी रेघ झाली, आडवी निम्मी झाली, तेवढ्यात नॉर्बने पाहिलं. नॉर्ब आयुष्यात कोणावर ओरडला असेल तर त्या दिवशी तिच्यावर. पोर रडत रडत झोपली. त्याच शरदात तिचं रक्त बिघडल्याचं निघालं. मग वर्षभर हॉस्पिटलच्या फेऱ्या, त्याच गाडीतून. तिला तिथेच पडायला हवं असायचं. उशी घेऊन पडायची आणि त्या अर्ध्या अक्षरावरून बोट फिरवायची. नॉर्ब तिला म्हणायचा, पूर्ण कर गं ते, मी काही बोलणार नाही. ती म्हणायची, बरी झाल्यावर करीन.

हे सगळं मी क्लेमला सांगितलं. ट्रुडी गेली तेव्हा शवपेटी खांद्यावर घेणाऱ्यांत तोही होता. तिचं मागे पडून येणं त्याला माहीत होतं, पण ओरखड्याचं नव्हतं. कोणालाच नव्हतं. आपण तिच्यावर ओरडलो हे नॉर्बला कोणाला कळू द्यायचं नव्हतं.

"मला का नाही सांगितलं त्याने?" क्लेम म्हणाला. "मी त्या ओरखड्यावरून किती वेळा त्याची माफी मागितली, इर्मा. तो नुसता म्हणायचा, जाऊ दे रे."

हे मलाही नवीन होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकाने तोंड उघडायचं नाही आणि दुसऱ्याने न विचारता उपकार करत सुटायचं. एकदा करून भागलं नव्हतं म्हणून परत केलं. मी क्लेमला नाही नाही ते बोलले. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि निघून गेला.

रात्रभर मला वाटत राहिलं, अजून बोलायला हवं होतं. शनिवारी सकाळी मी भांडायला म्हणूनच त्याच्या घरी गेले. तो अंगणात खडीवर गुडघे टेकून बसला होता, हातात स्वयंपाकघरातली चाळण. ही काच फुटली की साखरेसारखे दाणे होतात. खडीत मिसळलेले ते दाणे तो चाळून कॉफीच्या डब्यात टाकत होता. बोटं सोलवटली होती. माझ्याकडे वर बघायची त्याची हिंमत होत नव्हती.

"कोपरा कुठे पडला होता?" मी विचारलं.

"आठवत नाही. मी सगळीकडेच मारत सुटलो होतो."

माझे गुडघे वाकत नाहीत. मी पायरीवर बसले आणि काठीने खडी त्याच्याकडे लोटत राहिले. भांडण तसंच घरी परत आणलं.

रविवारी नॉर्ब आला. वॉकर धरून, पाय ओढत, पण घरात शिरायच्या आधी गॅरेजकडे वळला. मी म्हटलं, "आधी बस तरी." तो म्हणाला, "म्हातारे, महिनाभर बसलोच आहे." गाडीमागे क्लेम उभा होता, डबा छातीशी धरून.

नॉर्बने पट्टी पाहिली. वॉकर सरकवत पुढे गेला, वाकला, उजव्या कोपऱ्यावर बाहेरूनच अंगठा ठेवला आणि फिरवला. परत फिरवला. मग माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणून मान हलवली. त्याचा चेहरा इतका रिकामा मी एकदाच पाहिला होता, ट्रुडीची खोली आवरली त्या दिवशी.

"छान केलंस, क्लेम," तो म्हणाला. "अगदी कारखान्यातल्यासारखी."

"असं म्हणू नकोस," क्लेम म्हणाला. "इर्माने सांगितलंय मला. मी फोडली ती, नॉर्ब. हातोड्याने."

"तुला कुठे माहीत होतं."

"मला काहीच कधी माहीत नसतं, कारण तू सांगत नाहीस. आता एक खरं सांग. तेव्हा तुला ती पट्टी आवडत होती का?"

नॉर्बने वॉकर पट्टीकडे वळवला.

"आवडायची," तो म्हणाला. "त्या पट्टीसाठीच घेतली होती गाडी."

"मग जाताना कुरकुरलास कशाला?"

"अरे, दुसऱ्या दिवशी जायचं होतं मला. टेबलावर कोणी बोलत नव्हतं, आई ताटात बघून रडत होती. काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून बोललो."

क्लेमने डबा गाडीच्या छपरावर ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्या छपरावर काही ठेवलं तर नॉर्ब एरवी खवळतो. डबा उचलून त्याने आत पाहिलं, हाताने चाळवलं. मग वॉकरच्या टोपलीत ठेवला आणि स्वयंपाकघराकडे निघाला.

मी टेबलावरचा लोण्याचा केक उचलला आणि वर्तमानपत्र पसरलं. नॉर्बने दाणे ओतले. सुया ओवायचं माझं भिंग त्याने डोळ्याला लावलं आणि एकेक दाणा उलटसुलट करून बघायला लागला. क्लेम समोर बसला. मीही खुर्ची ओढली. तिघंही बोटाने दाणे सारत होतो, बघितलेले एका बाजूला, न बघितलेले दुसऱ्या. कॉफी निवून गेली. मला मनातून कळत होतं की यात काही सापडणार नाही. अर्धी काच अजून त्या खडीतच होती.

दुपार कलली तेव्हा नॉर्बचा हात थांबला. "हा बघ," तो म्हणाला. "ही तिची रेघ. उभीचं टोक आहे हे. बघ, इर्मा."

मी भिंग घेतलं. ट्रुडीची रेघ मी डोळे मिटून ओळखीन. केसासारखी बारीक, सरळ. या दाण्यावरचा व्रण जाड होता, एका बाजूला टवका उडालेला. हातोड्याचा घाव होता तो. मी मान वर केली तर क्लेम माझ्याकडे बघत होता. मारणाऱ्याला आपला घाव ओळखू येतो. त्याने डोळे खाली घातले.

नॉर्ब हात पुढे करून थांबला होता.

"हो," मी म्हणाले. "तिचीच आहे."

आणि दाणा त्याच्या तळहातावर ठेवला.