खांबाला तेल कुणी लावायचं

भोरातल्या त्या शाळेचं पाटीवरचं नाव दोन ओळींचं आहे, पण ते फक्त दाखल्यावर छापतात. गावात तिला सगळे पोरांची शाळा म्हणतात. शंभर वर्षं झाली, तिथं पोरगी कधी शिकली नाही, आणि गेल्या जूनपर्यंत बाई शिकवायलाही आली नव्हती. गेल्या जूनमध्ये सौदामिनी आली, आणि आली तीही व्यायामशिक्षक म्हणून. नेमणूक वरून झालेली, त्यामुळे संस्थेला नाही म्हणता येईना आणि तोंड भरून हो म्हणवेना.

या शाळेला परंपरांचा भारी सोस. पूर्वी पोरांनी टोपी घालायची परंपरा होती, ती गेली. शनिवारी नदीवर पोहायला न्यायची परंपरा होती, पालकांनी तक्रार केली तशी तीही गेली. उशिरा येणाऱ्यानं पिंपळाला पाणी घालायचं, ही पिंपळ तोडून सायकल स्टँड बांधला तेव्हा आपोआप मिटली. ज्या परंपरेचा कुणाला त्रास झाला ती शाळेनं निमूट सोडली, आणि कुणी हळहळलं नाही.

एक मात्र टिकली. पटांगणाच्या कोपऱ्यात मल्लखांब आहे. जुन्या सागाचा, एरंडेल पिऊन पिऊन काळा झालेला. शाळेच्या वाढदिवसाला जानेवारीत त्याची पूजा होते. मग दहावीतला एक मुलगा खांबाला तेल लावतो आणि पहिला चढतो तो व्यायामशिक्षक. तेल चेल्यानं लावायचं, चढायचं गुरूनं. त्याच्यामागून पोरं. त्या दिवशी जो पहिला चढला, त्याला पोरं वर्षभर ‘खांबाचे सर’ म्हणतात. बाकीचे सर नुसते सर.

सौदामिनी सकाळी पटांगणावर यायची तेव्हा नदीवरचं धुकं अजून हललेलं नसायचं. ट्रॅकसूटच्या बाह्या सारून ती खांबाला हात घालायची, पकड दाखवायची, चुकलेल्या पोराच्या पोटरीवर चापट द्यायची. दिवाळीपर्यंत तिची पोरं जिल्ह्याच्या स्पर्धेत ढाल जिंकून आली. ढाल मुख्याध्यापकांच्या खोलीत लागली आणि वर्तमानपत्रातल्या फोटोत मुख्याध्यापक, अध्यक्ष आणि ढाल एवढेच दिसले. तिनं तेही हसण्यावारी नेलं.

पण शताब्दीच्या सभेत तिचं डोकं फिरलं.

संस्थेचे अध्यक्ष रघुवीरराव याच शाळेत शिकलेले, पेशानं वकील. आवाज मऊ आणि बोलणं गुळाचं. कार्यक्रम वाचून दाखवताना ते सहज म्हणाले, “खांबाची सलामी आपले जुने व्यायामशिक्षक कोंडिबा सर देतील. त्यांना वेल्ह्याहून आणायला गाडी पाठवायची.”

“पण व्यायामशिक्षक मी आहे,” सौदामिनी म्हणाली.

“आहातच की. मनाला लावून घेऊ नका बाई. मारुतीचा खांब आहे तो. बाईमाणसाचा हात लागत नाही त्याला, परंपरा आहे.”

“माझा रोज सकाळी लागतो.”

“रोजचं वेगळं,” रघुवीरराव हसले. “रोजचं कोण बघतंय?”

खोलीतल्या एकालाही त्यात वावगं वाटलं नाही. उलट दोघातिघांनी माना डोलावल्या. सौदामिनीची कानशिलं तापली. ढाल आणायला हात चालतो आणि हाराफुलांच्या दिवशी तोच हात विटाळतो, हा कुठला न्याय?

“शंभर वर्षांत या शाळेत शिकवायला बाईच नव्हती,” ती म्हणाली. “मग खांबाला हात लावू नको असं सांगितलं कुणाला?”

मुख्याध्यापकांनी चष्मा पुसायला घेतला. रघुवीरराव घड्याळाकडे बघत म्हणाले, “पाहुणे पुण्याहून येणार आहेत, चार लोक चार गोष्टी बोलतात. आणि हो, पुढच्या वर्षापासून खांबासाठी मानधनावर एक प्रशिक्षक घेतोय. तुमच्यावरचा भारही हलका होईल. तुमच्याकडे स्वागताचं ताट आहे. महिलांनी नऊवारी नेसायची, समितीचं ठरलंय.”

महिला म्हणजे ती, कचेरीतली स्नेहल आणि समितीतल्या पुरुषांच्या बायका. सौदामिनीला सगळं लख्ख दिसलं. त्या दिवशी खांबावर दुसरा कुणी चढला की खांब गेला. पोरं गेली. ती उरणार हजेरी घेणारी आणि ताट धरणारी बाई.

रविवारी ती नसरापूरला एसटी बदलून वेल्ह्याला गेली. रागच तिला घेऊन गेला म्हणा ना. कारण तिला सगळ्यात जास्त चीड आली होती ती रघुवीररावांची नव्हेच, कोंडिबा सरांची.

तिचे वडील वेल्ह्याच्या तहसील कचेरीत कारकून होते. तिचं लहानपण तिथंच सरकारी खोल्यांत गेलं. कोंडिबा सर आठवडाभर भोरच्या याच शाळेत शिकवायचे आणि सुट्टीला तोरण्याच्या पायथ्याच्या वाडीत घरी यायचे. घरापुढच्या खळ्यात त्यांनी एक खांब रोवला होता, त्यावर वाडीतली पोरं चढायची आणि पोरीही. त्यांची मंगल, शेजारची अश्विनी, आणि चौथीत असल्यापासून ही कारकुनाची सौदामिनी. तिला खांबावर घातलं ते याच माणसानं. आणि आज तोच माणूस तिच्या जागी उभा राहायला तयार झाला होता.

कोंडिबा सर ओसरीवर ऊन खात बसले होते. सत्तरी केव्हाच उलटलेली. त्यांच्या बायकोनं, ठकुबाईंनी, पाण्याचा तांब्या आणून ठेवला. सौदामिनी पाणी न पिताच बोलायला लागली आणि सगळं एका दमात बोलून मोकळी झाली.

“तुम्ही हो कसं म्हणालात सर?”

“निमंत्रान आलं. म्हनलं येतो.”

“बाईचा हात खांबाला चालत नाही म्हणतात ते. तुमच्या खळ्यात आम्ही काय करत होतो मग?”

“खांब करत व्हता ना तुमी. चांगला करत व्हता.”

“मग तसं सांगा ना त्यांना.”

“सांगून ऐकत्यात व्हय ती मान्सं?” कोंडिबा सर शांतपणे म्हणाले. “वकील हाय त्यो. म्या एक सांगनार, त्यो धा सांगनार.”

ठकुबाई मधेच म्हणाल्या, “आन चडनार कसं ते तरी इचार त्यास्नी. संडासला बसल्यावर उटाया म्या हात देती. गुडगं पार गेल्यात.”

“नुसता हात लावायचाय म्हणे,” सौदामिनी फणकारली.

कोंडिबा सरांचा चेहरा तेवढा बदलला. “नुसता हात?” ते म्हणाले. “खांबाला नुसता हात?” मग त्यांनी विचारलं ते भलतंच. “तू त्या दिशी काय नेसनार हायेस?”

“नऊवारी. समितीचा हुकूम आहे.”

“कासोटा घट मार मंजी झालं,” ते म्हणाले, आणि ठकुबाईंना चहा टाकायला सांगितला.

सौदामिनी चहा न घेताच उठली. परतीच्या एसटीत खिडकीशी बसून तिनं ठरवलं की आता या म्हाताऱ्याशी बोलायचं नाही. भोरात पगार खाल्ला तेव्हा गप्प बसले, पेन्शन खातानाही गप्पच. माणसाची पाठ मोडली की त्याला वाकायचीच सवय लागते, असं काहीबाही तिच्या मनात येत राहिलं. खरं तर तिला रडू येत होतं, पण शेजारी कोंबडीची पाटी घेऊन एक आजी बसल्या होत्या आणि त्या टक लावून तिच्याकडेच बघत होत्या.

शताब्दीच्या दिवशी पटांगण ओळखू येत नव्हतं. मांडव, गालिचा, सोफे, अंगावर अत्तर मारणारी पोरं. पुढच्या रांगेत पुण्याचे पाहुणे आणि मागं जुने विद्यार्थी. कुणी डॉक्टर, कुणी साखर कारखान्यातले, कुणी गुंजवणे-भाटघरकडचे शेतकरी, सगळे पुन्हा पोरं झाल्यासारखे एकमेकांना टोपणनावांनी हाका मारत होते. मल्लखांबाला झेंडूच्या माळा घातल्या होत्या. सौदामिनी हिरवी नऊवारी नेसून ताट घेऊन उभी होती. कासोटा तिनं रागारागानं ओढून मारला होता, कुणी सांगितलं म्हणून नव्हे.

कोंडिबा सर ठकुबाईंना घेऊन गाडीतून उतरले. समितीनं त्यांना फेटा बांधला, शाल घातली. रघुवीरराव माइकवर म्हणाले, “आता शंभर वर्षांच्या परंपरेनुसार खांबाची सलामी. आपले ज्येष्ठ गुरुवर्य...” आणि मग बराच वेळ कोंडिबा सरांबद्दल असं काही बोलले, की सर हयात नसावेत असंच वाटावं.

दहावीतला सोमनाथ एरंडेलाची वाटी घेऊन खांबापाशी गेला. माळा उतरवल्या. कोंडिबा सर पाय ओढत आले, खांबाला वाकून नमस्कार केला. आता ते हात लावणार, फोटो निघणार आणि संपणार, म्हणून छायाचित्रकार पुढे सरसावला. सौदामिनीनं मान फिरवली.

“दे हिकडं वाटी,” कोंडिबा सर सोमनाथला म्हणाले.

त्यांनी फेटा काढून सोमनाथच्या हातात दिला. शाल खाली टाकली. बाह्या सारल्या. वाटीत हात बुडवला आणि खांबाला तेल लावायला सुरुवात केली. हात पोचेल तिथून खाली, सावकाश, जसं दहावीतलं पोर लावतं तसं. बुंध्यापाशी आले तेव्हा त्यांना गुडघे टेकावे लागले. मागून ठकुबाईंचा “आता उटनार कसं” असा आवाज आला.

मुख्याध्यापक धावत आले. “सर, तेल विद्यार्थी लावतात. तुम्ही नुसतं...”

“ठावं हाय,” कोंडिबा सर म्हणाले. “तीस वर्सं ह्याच खांबावर काडली म्या.”

आणि ते तेल लावत राहिले. पुण्याच्या पाहुण्यांना काही कळलं नाही. पण मागच्या रांगांत एकदम शांतता झाली. या शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. तेल लावणारा पहिला चढत नाही. तो ज्याच्यासाठी लावतो, तो चढतो. मागं बसलेला एक म्हातारा शेतकरी टोपी काढून उभा राहिला. मग त्याच्या शेजारचा डॉक्टर उभा राहिला.

सोमनाथनं हात देऊन सरांना उठवलं. ते सौदामिनीकडे वळले. लहानपणापासून त्यांनी तिला अगं-तुगंच केलं होतं.

“बाई,” ते म्हणाले, “खांब तयार हाय. या.”

तिच्या हातात ताट होतं. सगळ्यात जवळ रघुवीररावच उभे होते. तिनं ताट त्यांच्या हातात दिलं. निरांजन पेटलेलं, त्यामुळे त्यांना ते दोन्ही हातांनी धरणं भाग पडलं, आणि दोन्ही हात अडकले तसं तिला अडवायला काही राहिलं नाही.

सौदामिनी चढली. वेल्ह्याच्या खळ्यात शिकलेली पकड होती, नऊवारीनं काही बिघडलं नाही. वर जाऊन ती उभी राहिली. शाळेचं कौलारू छप्पर, सायकल स्टँड, खाली शेकडो डोकी. वर गेल्यावर राग निवेल असं तिला वाटलं होतं, पण तो निवला नाही. त्या रविवारी ओसरीवर आपण या माणसाला काय काय बोललो, तेही तिला वर उभी असतानाच आठवलं. तिनं सोफ्यांकडे पाठ केली आणि तेलानं माखलेल्या हातांनी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला सलामी दिली.

टाळ्या थांबेनात. रघुवीरराव काही लेचेपेचे नव्हते. हातातल्या ताटासकट ते माइककडे वाकले. “हीच आपली परंपरा,” ते भरल्या गळ्यानं म्हणाले. “या शाळेनं स्त्रीचा मान पहिल्यापासून राखला. आज अध्यक्ष या नात्यानं मला अभिमान वाटतो.”

पुण्याचे पाहुणे टाळ्या वाजवू लागले. सौदामिनी वरून ऐकत होती. सभेतला तोच मऊ आवाज, तोच गूळ. बाई नको हीसुद्धा परंपराच आणि बाई हवी हीसुद्धा परंपराच. या माणसाला परंपरा म्हणजे खिशातला रुमाल, घाम आला की काढायचा.

ती सरसर खाली आली. कोंडिबा सरांच्या पायांना हात लावला, त्यांच्या हातातली वाटी घेतली आणि माइकपाशी गेली.

“अध्यक्ष म्हणाले ते खरं नाही,” ती म्हणाली. आवाज तिनं चढवला नाही. “पंधरा दिवसांपूर्वी याच खांबाला माझा हात चालत नाही असं त्यांनी मला सांगितलं होतं. माझ्या हातात ताट दिलं होतं. ते आता त्यांच्याकडे आहे.”

रघुवीररावांच्या हातातलं निरांजन फडफडलं.

“अध्यक्षसाहेबही याच शाळेचे विद्यार्थी,” ती म्हणाली. “पुढच्या वर्षी खांबाला तेल त्यांनी लावायचं. चढणार मी.”

तिनं एरंडेलाची वाटी त्यांच्या ताटात, हळदीकुंकवाच्या शेजारी ठेवली. आधी पोरं हसली, मग मागच्या रांगा. रघुवीरराव ताट कुठं ठेवावं ते शोधत होते, आणि ते घ्यायला कुणी पुढं होत नव्हतं. सौदामिनीनं पदर खोचला, माइककडे पाठ केली आणि रांगेत उभ्या असलेल्या पोरांकडे बघून म्हणाली, “सोमनाथ, चल. खांबावर.”

“आलो, खांबाच्या बाई,” सोमनाथ म्हणाला आणि फेटा कोंडिबा सरांच्या डोक्यावर ठेवून धावत आला.