कंपनीचा निळा कॅन

सातवीत उमाला कचरा कमी करायचं वेड लागलं आणि तिच्या आईचे, कुमुदिनीबाईंचे, हाल सुरू झाले. शाळेत बाईंनी सांगितलं होतं, घरातला कचरा निम्मा करून दाखवा. झालं! दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत पडू लागल्या, भाजीची देठं अंगणातल्या खड्ड्यात जाऊ लागली, वाण्याने पुड्याला बांधलेला दोराही जपून ठेवावा लागू लागला. "उद्या मलाच धुऊन वाळत घालेल ही," कुमुदिनीबाई म्हणायच्या. मनातून मात्र त्यांना लेकीचं कौतुक होतं.

मग उमाला मोरीमागे एक निळा कॅन सापडला. तो तिच्या वडिलांनी, श्रीपादरावांनी, अंबरनाथच्या केमिकल कंपनीतून आणला होता. बदलापूरच्या त्यांच्या कॉलनीत कंपनीचे रिकामे कॅन घरी आणणं म्हणजे साहेबलोकांचा हक्कच. कुणी त्यात रॉकेल भरायचं, कुणी पाणी. नव्वद सालच्या सुमाराची गोष्ट, नळाला पाणी दिवसाआड यायचं, त्यामुळे कॅनचा मान मोठा. हा मात्र कधीपासून तसाच धूळ खात पडला होता. उमाने तो पावडर लावून घासला, खळखळून धुतला आणि धुतलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून अळूच्या वाफ्यात ओतलं. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सोनिवलीहून भाजी घेऊन येणाऱ्या कौसाबाईंना तिने तो देऊन टाकला. "प्यायचं पाणी भरा," असंही वर सांगितलं. कौसाबाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी मूठभर मिरच्या जास्त घातल्या.

रविवारी सकाळी कुमुदिनीबाई अळूवड्यांसाठी पानं कापायला गेल्या आणि तिथूनच ओरडल्या. अख्खा वाफा काळा पडला होता. पानं कडेने करपून गुंडाळली होती.

"इथे कुणी काय ओतलंय?"

उमाने सांगितलं. श्रीपादराव दाढी करत होते, ते अर्ध्या गालावर साबण घेऊन तसेच बाहेर आले.

"मोरीमागचा? निळा? कुठाय तो?"

"कौसाबाईंना दिला."

ते रागावले नाहीत. टॉवेलने तोंड पुसून त्यांनी नुसती स्कूटरची किल्ली घेतली, आणि उमा त्यानेच जास्त घाबरली. न विचारताच ती मागे जाऊन बसली.

"बाबा, मी साबणाने धुतला होता."

"त्यातलं केमिकल धुऊन जात नाही."

"मग घरी कशाला आणला?"

"रॉकेलसाठी," ते म्हणाले. मग पुढचं वळण घेताना, "चुकलंच माझं. सांगून ठेवायला हवं होतं."

उमाला सारखी विठा आठवत होती. विठा म्हणजे कौसाबाईंची पाच वर्षांची नात. आजीबरोबर ती भाजी घेऊन यायची आणि आल्या आल्या पाणी मागायची. घटाघटा प्यायची, मग अजून मागायची. देवा, आज तिला तहान लागू देऊ नकोस, एवढंच उमा म्हणत राहिली.

कौसाबाईंच्या अंगणात माणसं जमलेली दिसली. माणसं अशी का जमतात? जवळ गेल्यावर मांडव दिसला, दाराला आंब्याची डहाळी दिसली. मांडवाच्या कोपऱ्यात पाटावर तो निळा कॅन होता. काठोकाठ भरलेला. त्याला हळदकुंकू लावलं होतं आणि शेजारी घासलेले पेले मांडले होते.

"कुणी प्यालं का यातलं?" श्रीपादरावांनी नमस्कारही न करता विचारलं.

"नाय ओ सायेब," कौसाबाई हसत म्हणाल्या. "आज धाकट्या पोरीचा साखरपुडा हाय. नव्या भांड्यातला पानी पयला पाव्हण्यांना. ही विठा रडली, तरी तिला हात लावू दिला नाय."

दाराआड विठा फुरंगटून उभी होती. उमाने तिला उचलून घट्ट धरलं आणि सगळ्यांसमोर भोकाड पसरलं. विठाला काहीच कळेना.

श्रीपादरावांनी कॅनमध्ये आधी काय होतं ते सांगितलं. कौसाबाई पटकन पाटापासून मागे सरकल्या. मग त्यांनी पदर खोचला. "मंग ओतूनच टाकते."

"नको!" उमा ओरडली.

डाव्या हाताला विहीर होती. मागे भाजीचे वाफे, उमाच्याच घरी येणारी मेथी आणि मिरच्या. पुढे शेळी बांधलेली.

"अगो बाय, मंग ओतू कुठं?"

शेवटी श्रीपादरावांनी झाकण घट्ट लावलं आणि भरलेला कॅन स्कूटरवर पायांशी ठेवला. वाटेत प्रत्येक खड्ड्याला आतलं पाणी डुचमळायचं आणि उमाचा जीव वरखाली व्हायचा.

"उद्या कंपनीत नेतो," ते म्हणाले. "तिथे ओतता येईल."

"तिथे कुठे ओततात, बाबा?"

श्रीपादरावांनी गिअर बदलला. तिने पुन्हा विचारलं. कंपनीच्या मागून एक नाला जायचा, आणि त्याचा रंग उमाने पाहिलेला होता.