जिभेवरचा शब्द

सहावी सुई हमीदच्या डाव्या कानाच्या वर शिरली तेव्हा मैमुनाबीने डोळे मिटून घेतले. हमीद मात्र खुर्चीत ताठ बसून होता. डॉक्टर लिन यांनी सुई दोन बोटांत धरून भरभर फिरवली आणि इंग्रजीत काहीतरी विचारले.

"खाला, डॉक्टर विचारतायत, झिणझिण्या येतायत का," नबिला म्हणाली. ती या चिनी दवाखान्यात मदतनीस होती. घराणे श्रीवर्धनचे, जन्म शारजाचा.

"त्यांना काय विचारता? बोलतात कुठं ते."

हमीदला लकवा मारून अडीच महिने झाले होते. उजवा हात, उजवा पाय गेला आणि वाचाही गेली. सांगितलेले सगळे त्याला समजे, पण सांगायचे ते तोंडापर्यंत येऊन अडकत असे. दुबई मरीनातल्या एका लेबनीज कुटुंबाकडे तो सत्तावीस वर्षे ड्रायव्हर होता. दर दोन वर्षांनी दीड महिना दापोलीकडच्या गावी यायचा. एवढ्या वर्षांच्या संसारात नवराबायको एका छपराखाली धड दोन वर्षेही राहिली नव्हती. बाकी सगळा संसार फोनवर झाला. जुम्म्याची नमाज झाली की त्याचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला असे, "मैमुना, जेवलीस?"

दुबई तिने पहिल्यांदा पाहिली ती हॉस्पिटलच्या खिडकीतून. व्हिजा त्या लेबनीज घरच्या मॅडमनेच काढून दिला होता. मॅडम भेटायला आली, हमीदचा हात हातात घेऊन रडली. मग मोडक्या हिंदीत मैमुनाबीला सांगू लागली, की हमीदला चहात वेलची चालत नाही, आणि रस्त्याला गर्दी असली की तो गाडी चालवताना गुणगुणतो. मैमुनाबी थर्मास हातात धरून ऐकत राहिली. थर्मासमधल्या चहात वेलची होती.

हॉस्पिटलमधून सुटल्यावर हमीदचा चुलतभाऊ अक्रम दोघांना मुहैस्नाहच्या आपल्या खोलीवर घेऊन आला. चिनी सुयांचे त्याला कुणीतरी ऑफिसात सांगितले होते. त्याचा स्वतःचा फारसा विश्वास नव्हता, तरी आठवड्यातून दोनदा सुट्टी टाकून तो त्यांना गाडीतून नेत असे.

पहिल्या दिवशी डॉक्टर लिन यांनी हमीदची जीभ पाहिली, दोन्ही मनगटांची नाडी बराच वेळ धरली आणि नबिलाकरवी स्पष्ट सांगितले. मेंदूचा जो भाग मेला तो आपण जिवंत करू शकत नाही. सुयांनी आजूबाजूचा भाग जागा झाला तर झाला, नाही तर नाही. हॉस्पिटलची एकही गोळी चुकवायची नाही, व्यायाम सोडायचा नाही. अक्रमने काढ्याचे विचारले, तेव्हा रक्त पातळ करायची गोळी चालू असताना मी काढा देणार नाही, असे त्या म्हणाल्या. या बाईने कसलाच भरवसा दिला नाही, म्हणूनच मैमुनाबीला तिच्याबद्दल भरवसा वाटला.

दहाव्या खेपेपर्यंत हमीद काठी टेकत चालू लागला. सुयांनी की व्यायामाने, कुणाला सांगता येईना. शब्द मात्र एकही नव्हता. मैमुनाबी रोज त्याच्यासमोर बसायची, त्याचा चेहरा ओंजळीत धरायची आणि आपले नाव तोडून तोडून म्हणायची. तो तिच्या ओठांकडे पाहत राही. त्याचा व्हिजा आता रद्द होणार होता, तिचाही संपत होता. दोघे एकाच विमानाने परत जाणार होते. आता हा माणूस कायमचा घरी येणार, याचा आनंद व्हायला हवा होता, पण तो तिला कुठे सापडत नव्हता.

आज शेवटची खेप होती. अर्ध्या तासाने नबिलाने मोजून सगळ्या सुया काढल्या, रक्ताचा एक थेंब आला होता त्यावर कापूस दाबला. मैमुनाबी मागे उभी होती. हमीदची टोपी उचलत ती म्हणाली, "चला, उठा."

"येस मॅडम," हमीद म्हणाला.

आवाज स्वच्छ होता. नबिलाचा हात थांबला. डॉक्टर लिन यांना फार आनंद झाला. त्यांनी तारीख लिहून घेतली आणि नबिलाला समजावून सांगितले, की आयुष्यभर जे शब्द सर्वांत जास्त वापरले ते न ठरवता आधी बाहेर पडतात, आणि त्यांच्यामागून कधी कधी बाकीचेही येतात.

"म्हणतायत, चांगली सुरुवात आहे," नबिला एवढेच म्हणाली. पण मैमुनाबीला गाळलेलेही कळले.

हमीद स्वतःच्या आवाजाने दचकला होता. त्याने वळून बायकोकडे पाहिले. ओठ जुळवले, मानेच्या शिरा ताणल्या. "म... म..." तो म्हणाला, आणि पुन्हा "मॅडम" म्हणाला. त्याने डाव्या हाताची मूठ मांडीवर आपटली, दुसऱ्यांदा उगारली. मैमुनाबीने ती मूठ धरली आणि हळूहळू बोटे उघडली.

"राहू दे आता," ती म्हणाली. "आलं तेवढं पुष्कळ."

बाहेर अक्रम गाडी चालू ठेवून बसला होता. हमीद काठी टेकत गाडीपाशी गेला, काठी गाडीला टेकवून ठेवली आणि डाव्या हाताने मागचे दार उघडून उभा राहिला. मदतीला अक्रम उतरू लागला, तिने त्याला हातानेच थांबवले. हमीदने चालवलेल्या एकाही गाडीत ती कधी बसली नव्हती. बुरख्याचा घोळ सावरून ती आत बसली. घोळाचे टोक आत आले हे वाकून पाहूनच त्याने दार लावले.

मग सवयीने तो पुढच्या दाराकडे वळला आणि थांबला. स्टिअरिंगवर अक्रम होता.