मार्चातल्या गारा

ओब्रादने कडेला नख लावलं आणि काल दुपारभर खपून चिकटवलेली अख्खी पट्टी सालपटासारखी सुटून हातात आली. खाली ट्रॅक्टरच्या केबिनचं प्लास्टिकचं छप्पर होतं तसंच. मधोमध हातभर भेग आणि तिला फुटलेले दोन फाटे.

"घ्या! झाली दुरुस्ती," तो स्वतःशीच म्हणाला आणि पट्टी कोपऱ्यात भिरकावली.

आज बुधवार. शुक्रवारी संध्याकाळी त्याची मुलगी स्लाव्हित्सा येणार होती, लिंझ शहरातून नऊ तास गाडी चालवत, आईच्या चाळीसाव्या दिवसासाठी. दफनाच्या दिवशीच तिने बजावून ठेवलं होतं, "चाळीस दिवस मी अवाक्षर काढणार नाही, बाबा. पण मग ट्रॅक्टर विकायचा, घराला कुलूप घालायचं आणि माझ्याकडे यायचं. एकट्याने तुम्हाला हे झेपायचं नाही."

"झेपतं की नाही ते चाळीस दिवसांनी येऊन बघ," ओब्राद ताठ्यात म्हणाला होता.

आता ती येऊन बघणार काय, तर दारातच फुटकं छप्पर! मग कसला ताठा नि कसलं काय. लिंझच्या तिसऱ्या मजल्यावर खिडकीशी बसून लोकांच्या गाड्या मोजायच्या.

कुंपणापलीकडून मिलुतिन बघत होता. चाळीस वर्षांचा शेजार, त्यामुळे बघायला त्याला परवानगी लागत नसे.

"निघालं ना? मी म्हटलंच होतं. ते रसायन होड्यांना लावतात, लेका. तुझ्या छपराला नाही. पण मला एक सांग, फुटलं कशाने?"

"गारांनी."

"गारांनी! मार्चात!" मिलुतिनने आभाळाकडे पाहिलं, मग स्वतःच्या खुराड्याकडे. "माझ्या एका कोंबडीचं पीस हललं नाही, आणि तुझ्या छपरावर तेवढ्या बरोबर नेम धरून पडल्या? तुझ्या ओळखीतल्या होत्या वाटतं."

"पडल्या म्हणजे पडल्या."

त्याच्या आवाजात काहीतरी होतं. मिलुतिनने थट्टा तिथेच सोडली. "बरं बाबा, पडल्या. पण प्लास्टिक कुठल्या जातीचं आहे ते तरी बघ. चिमूटभर कापून जाळ."

ओब्रादने जाळलं. थेंब थेंब गळत जळालं, मेणबत्तीसारखा वास आला. दुसरा तुकडा बादलीत टाकला तर तरंगला. म्हणजे याला जगातलं कुठलंच चिकटवण धरणार नव्हतं. ते वितळवूनच सांधायचं, आणि तेही त्याच जातीच्या प्लास्टिकने. त्याने घर पालथं घातलं. तेलाचे डबे आत भिनलेल्या तेलामुळे कामाचे नव्हते. फळांचे क्रेट जाळून पाहिले, ते वेगळ्या जातीचे निघाले. उरलं तळघरातलं निळं पिंप.

ते देसांकाचं. नोव्हेंबरात तिने त्यात कोबीचे साठ गड्डे मिठात घातले होते. "दोन माणसांना साठ गड्डे! पलटण जेवायला येणार आहे का?" असं तो दरवर्षी विचारायचा आणि दरवर्षी वसंतापर्यंत पिंप रिकामं व्हायचं. यंदा फेब्रुवारीत ती छातीत कळ येऊन अर्ध्या तासात गेली. पिंपात पाच गड्डे राहिले होते. त्यांना हात लावायचा त्याला धीर झाला नव्हता. हे संपले की तिच्या हातचं काही उरणार नव्हतं.

बराच वेळ तो झाकण धरून उभा राहिला. मग एकेक गड्डा काढून टोपात ठेवला आणि टोप मिलुतिनच्या बायकोकडे घेऊन गेला.

"वहिनी, शनिवारच्या सारम्याला हे घ्या."

"अगं बाई! देसांकाचे!" यांयाने टोप दोन्ही हातांनी घेतला. "पिंप रिकामं केलंत?"

"पिंप पाहिजे होतं."

यांयाने डोळ्यांना पदर लावल्यासारखा ॲप्रन लावला. "उपवासाचे दिवस आहेत, मांस घालता यायचं नाही. पानांत तांदूळ आणि अक्रोड भरून सारमे वळते. तिला तसेच आवडायचे."

गुरुवारी सकाळी त्याने पिंप कापलं आणि बोटभर रुंदीच्या पट्ट्या पाडल्या. भेगेच्या टोकांना बारीक भोकं पाडली, म्हणजे ती पुढे पळणार नाही. भेगेला दोन्ही अंगांनी उतरती कड घातली. आतल्या बाजूने पोलादी जाळीची पट्टी ठेवून तापल्या डागणीने ती प्लास्टिकमध्ये बुडवत नेली. मग वरून निळी पट्टी वितळवून भेगेत भरायची, दाबायची, थांबायचं, पुन्हा दोन बोटं पुढे. घाई केली की करपायचं. हात असा गुंतला की मन मोकळं सुटतं, आणि त्याचं मन जायला नको तिथेच गेलं.

गारा कसल्या! अंगणात शिरताना द्राक्षांचा मांडव लागतो. त्याचा पुढचा लोखंडी पाइप वेलींच्या ओझ्याने खाली झुकलेला. सोळा वर्षांपूर्वी केबिनवाला ट्रॅक्टर आला तेव्हापासून तो केबिनला अडायचा. मग रीतच पडली. ओब्रादने फाटकाशी दोनदा हॉर्न द्यायचा, देसांकाने हातातलं काम टाकून यायचं, दुबेळक्याच्या काठीने पाइप उचलून धरायचा, आणि त्याने खालून आत यायचं. "पाइप वर घे की रे एकदा," ती म्हणायची. "घेऊ की, हंगाम संपू दे," तो म्हणायचा. असे सोळा हंगाम संपले.

हिवाळाभर ट्रॅक्टर शेतावरच्या शेडमध्ये होता. गेल्या आठवड्यात ओट पेरून तो त्यावरून घरी आला, फाटकाशी दोनदा हॉर्न दिला, आणि ट्रॅक्टर आत घातला.

तिच्या पेटीवर मातीची पहिली मूठ त्यानेच टाकली होती. तरी हॉर्न दिला. कडाड आवाज झाला तेव्हा काय केलं ते त्याला कळलं, आणि केबिनमध्ये बसल्या बसल्या तो हुंदके देऊन रडला. दुसऱ्या दिवशी त्याने पाइप कापून दोन हात वर बसवला. अर्ध्या तासाचं काम. सोळा वर्षं बाईला काठी घेऊन पळवलं, ते अर्ध्या तासाचं काम होतं! हे पोरीला कुठल्या तोंडाने सांगायचं? ती म्हणणार बाबा भ्रमिष्ट झाले. आणि तसं नाही म्हणाली तर आईला जन्मभर पळवलंत म्हणणार, आणि ते खरं असणार.

शुक्रवारी दुपारी छप्पर जागेवर चढलं. पांढऱ्या प्लास्टिकवर निळा व्रण. संध्याकाळी स्लाव्हित्सा उतरली ती पर्स खांद्याला तशीच ठेवून ट्रॅक्टरपाशी गेली.

"हे काय झालं?"

"गारा."

"मार्चात?"

"तिकडे लिंझला बसून तुला काय कळणार इकडचं हवामान!"

तिची नजर त्याच्यावरून हलेना.

शनिवारी पाद्रीबुवांनी प्रार्थना म्हटली, सगळ्यांनी उकडलेले गहू तोंडात टाकले, ओब्रादने थडग्यावर वाइन ओतली. मग घरी पंगत बसली. सारमे वाढले गेले. ओब्रादने पहिला घास घेतला आणि आंबट कोबीची ती चव तोंडात घोळवत राहिला. तेवढ्यात स्लाव्हित्साने टेबलापलीकडे विचारलं, "मिलुतिनकाका, खरंच गारा पडल्या हो?"

ओब्रादने ताटात मान घातली. मिलुतिनने काटा खाली ठेवला.

"पडल्या म्हणजे! अक्रोडाएवढ्या! माझं खुराडं वाचलं हे नशीब."

"मी तर डोक्यावर टोपली धरून पळाले," यांयाने ठोकून दिलं.

टेबलाभोवतीच्या कुणालाही गार आठवत नव्हती, तरी सगळ्यांनी माना डोलावल्या. स्लाव्हित्साने सगळ्यांकडे पाहिलं, मग बापाकडे. "दुरुस्ती मात्र झकास केलीय," ती म्हणाली. "थंडी पडेपर्यंत राहा. मग बघू."

ओब्राद जिंकला. लोकांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या.

रविवारी ती निघाली तेव्हा तो गाडीच्या काचेशी वाकला. हॉर्न, पाइप, सोळा वर्षं, सगळं अगदी ओठांवर आलं होतं.

"स्लाव्हित्सा."

"काय, बाबा?"

"हवा तपासून घे टायरांतली."

सोमवारी सकाळी पाऊस कोसळला. ओब्राद अंगण ओलांडून धावत केबिनमध्ये जाऊन बसला. आतलं अस्तर अजून लावलं नव्हतं, त्यामुळे जोड डोक्यावर उघडा दिसत होता. तासभर छप्पर झोडपलं जात होतं. त्याने हात वर केला आणि जोडावरून बोट फिरवलं. कोरडं. पहिला फाटा कोरडा. दुसराही कोरडा. काम पक्कं झालं होतं, थेंब आला नव्हता, आणि हे कुणाला तरी सांगावं असं त्याला फार वाटलं. स्लाव्हित्सा कामावर गेली असणार. मिलुतिनला सांगायचं तर तो गारांवरून सुरू करणार.

पाऊस थांबेपर्यंत तो हात वर टेकवून तसाच बसून राहिला.