डावा पाय

माझ्या बायकोच्या, बेबाच्या अस्थी तिच्याच गाडीतून न्यायच्या, हे मी आधीच ठरवलं होतं. रुपचंदला ते पटलं नाही. रुपचंद तिचा धाकटा भाऊ, तिला अक्का म्हणायचा. पिंपळनेरहून जीप घेऊन आला होता.

"पाव्हणा, त्या गाडीवर तुमचा हात बसलेला नाही," तो म्हणाला. "जीपमध्ये बठ्ठा जण बसू. अक्कालाही घेऊ."

"हात बसलाय. पाय बसत नाही," मी म्हणालो.

ते खरंच होतं. मी धुळे-जळगाव रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवण्यात जन्म घालवला. बेबाचा डावा पाय लहानपणी पोलिओने गेलेला. देवपुरात ती शिवणाचा क्लास घ्यायची. मशीन हाताने फिरवायची. जीपमध्ये माझ्या शेजारी बसली की माझ्या पायांकडे बघायची आणि म्हणायची, "माझा एकच पाय चालतो. एका पायावर चालेल अशी गाडी नसते का हो?"

असते, हे आम्हाला पुढे कळलं. नाशिकचे एक रिटायर झालेले इंजिनिअर परदेशात मुलाकडे निघाले होते, त्यांची लहान ऑटोमॅटिक गाडी आम्ही घेतली. तिला क्लच नव्हता. एक ब्रेक, एक अॅक्सिलरेटर, दोन्ही उजव्या पायाला. बेबा चाळिशीच्या पुढे गाडी शिकली आणि चांगली शिकली. बसताना ती डावा पाय दोन्ही हातांनी उचलून सीटवर घ्यायची, मांडी घातल्यासारखा. मग पदर खोचायची आणि निघायची.

स्टॅंडवर मात्र आमची चेष्टा व्हायची. लळिंगचा घाट चढताना मालाचा ट्रकसुद्धा आम्हाला मागे टाकायचा. उखर्डू, माझ्याबरोबर जीप चालवणारा, विचारायचा, "काय भाऊ, गाडी चालतेय का वहिनी ढकलतायत?"

मलाही ती गाडी कळायची नाही. जीपला चढ लागला की मी क्लच दाबून तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकायचो. इंजिन ओरडायचं आणि गाडी त्याच क्षणी उचल घ्यायची. कधी ताकद काढायची ते माझ्या हातात. या गाडीत पाय दाबायचा आणि वाट बघायची. तोताराम मिस्तरीने मला खाली वाकवून दाखवलं होतं. इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये क्लचप्लेट नाही, तेल आहे. इंजिन तेल ढवळतं, तेल पुढचं फिरवतं. त्या ढवळण्यात थोडी ताकद वाया जाते, म्हणून पिकअप कमी. पाय पूर्ण दाबला तर गाडी आपली आपण खालच्या गिअरवर येते, पण जरा विचार करून.

मी हे बेबाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "विचार करून उचलते ना? मग बरं आहे. तुम्ही विचार न करता उचलता."

मी ती गाडी चालवायला घेतली की एक गोष्ट हमखास व्हायची. पुढे काही आडवं आलं की माझा डावा पाय आपोआप क्लच शोधायचा. क्लच नसायचा, ब्रेकचं रुंद पेडल सापडायचं. क्लच दाबतात तसं मी ते पुरतं खाली दाबायचो आणि गाडी जागच्या जागी नाक टेकायची. पांझरेच्या पुलावर एक दूधवाला सायकलसकट मागून येऊन आदळला होता. तेव्हापासून मी चालवत असलो की बेबा शेजारी बसून माझ्या डाव्या गुडघ्यावर हात ठेवायची. पुढे बैलगाडी दिसली की हात जड करायची आणि आमच्या बोलीत म्हणायची, "तुमना पाय आवरा."

मुडावदला तापी-पांझरेच्या संगमावर स्वतः गाडी चालवत जायचं तिच्या मनात होतं. येत्या महाशिवरात्रीला जाऊ म्हणाली होती. पौषात तिला कावीळ झाली. दवाखान्यातून ती परत आली नाही.

म्हणून तिच्या गाडीतून.

लाल फडक्यात बांधलेलं मडकं मी शेजारच्या सीटवर ठेवलं, दोन्ही बाजूंनी उशा लावल्या. रुपचंद जीप घेऊन मागे. आग्रा रोडला लागलो. नगावपर्यंत सगळं ठीक होतं. सोनगीरच्या अलीकडे कापसाची गाठोडी भरलेला ट्रॅक्टर शेतातून एकदम रस्त्यावर आला. माझा डावा पाय गेला. गाडी थाडकन थांबली, मडकं उशीवरून उडून डॅशबोर्डावर आपटलं आणि खाली पडलं. मागे जीपचे टायर किंचाळले.

मी वाकून मडकं उचललं. काठाचा टवका उडाला होता. फडकं सुटलं नव्हतं.

रुपचंद धावत आला. मडकं माझ्या मांडीवर बघून खालीच बसला.

"पाव्हणा, द्या ते माझ्याकडे. आता अक्काला पाडता का?"

"नाही देणार."

"मग मी शेजारी बसतो."

"ती तिची जागा आहे."

तो रडायला लागला. मी पहिल्यांदाच त्याला रडताना बघत होतो. तो म्हणाला, "पुन्हा तसंच झालं तर?" गुडघ्यावर हात ठेवणारं माणूस मडक्यात होतं.

मग मी डावा पाय दोन्ही हातांनी उचलला आणि सीटवर घेतला. माझे गुडघे जुने, गाडी लहान. घोटा उजव्या मांडीखाली दाबून धरला. दुखलं, पण पाय अडकला. आता त्याला कुठे जाता येणार नव्हतं.

सोनगीरच्या किल्ल्याखालचा चढ आला. मी उजवा पाय दाबला. गाडी रेंगाळली. डावा हात सवयीने गिअरकडे गेला, तिथे करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मडक्यावर ठेवला. एक ट्रक हॉर्न देत पुढे गेला. मी दाबून धरलं आणि थांबलो. मग गाडीने स्वतःच गिअर खाली घेतला, आवाज बदलला आणि ती चढ चढू लागली. हळू, पण न थांबता. मी मडक्यावरचा हात काढला नाही.

नरडाणा, बेटावद, पुढे मुडावद. वाटेत पुन्हा बैलगाड्या आडव्या आल्या. पाय दाबल्या जागी फडफडला, पण सुटला नाही.

संगमावर गाडी लावली आणि दार उघडून उतरलो, तर डावा पाय पार मुंग्या येऊन मेलेला. जमीनच लागेना. मडकं छातीशी धरून मी निघालो. डावं पाऊल ओढत, उजव्यावर भार टाकत, प्रत्येक पावलाला एका अंगाला झुकत.

रुपचंद मागून येत होता. त्याचं चालणं थांबलेलं मला ऐकू आलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"अक्का अशीच चाले," तो म्हणाला.

त्याने माझ्या काखेत हात घातला. मी नको म्हणालो. पायाला जाग यायच्या आत मला पाण्यापर्यंत पोहोचायचं होतं.