ट्रॉलीभर पाचट

आक्काला नेसरीत सगळे जरा वचकूनच असत. उसाच्या गावात दीड एकर द्राक्षबाग लावायचा हट्ट तिने धरला आणि तडीस नेला. तेव्हापासून तिच्याशी वाद घालायला सहसा कोणी धजत नसे. धजला तो एकच, बांधाशेजारचा उदयसिंह. चार वर्षांपूर्वी ऊस तुटल्यावर त्याने रानातलं पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, पेटवून दिलं आणि त्या झळीने आक्काच्या कडेच्या दोन ओळी करपल्या. मग काय! आक्काने ग्रामसभा डोक्यावर घेतली. पाचट जाळून जमीन मारणाऱ्यांचा उद्धार केला आणि भर देवळात उदयसिंहाला देवाचा भंडारा उचलून शपथ घ्यायला लावली, की पुन्हा पाचटाला काडी लावणार नाही. गडी शब्दाचा पक्का. तेव्हापासून तो पाचटाची कुट्टी करून सरीत पसरत होता.

आणि आता जानेवारीत, द्राक्षाच्या मण्यांत नुकतं पाणी उतरू लागलेलं असताना हवामानाचा मेसेज आला: दोन दिवसांत कडाक्याची थंडी. असल्या थंडीत पहाटे मणी तडकतात आणि तडकलेल्या घडाकडे व्यापारी ढुंकूनही बघत नाही. उपाय जुनाच. पहाटे बागेला विहिरीचं कोमट पाणी सोडायचं आणि चारी बाजूंनी ओलसर पाचट धुमसत ठेवायचं. धुराखाली बाग ऊब धरते. पण पाचट आणायचं कुठून? आक्काच्या भाषणांनी सगळेच ते सरीत कुजवू लागले होते, शिवारात पाचटाचा ढीग म्हणून उरला नव्हता. स्वतःचीच जीभ अशी आडवी यावी, याचा तिला भयंकर राग आला.

शेवटी सून अनुजाला घेऊन ती उदयसिंहाच्या दारात गेली.

"पाचट पायजे हुतं," ती उभ्याउभ्याच म्हणाली. "धुराला."

उदयसिंहाने कपबशी खाली ठेवली. "आक्का, भंडारा उचललाय मी. तुमीच उचलाय लावलासा की."

"व्हय. लावला."

त्याने मान खाजवली. मग म्हणाला, "मी काडी लावणार न्हाय. पर तुमी कुठं भंडारा उचललाय? सरीतलं गोळा करून ट्रॉली धाडतो. तुमच्या रानात तुमी पेटवा."

अनुजा फिसकन हसली. आक्काला हसू आलं नाही. ज्याला आपण गावासमोर मान खाली घालायला लावली, तोच आपल्यासाठी पळवाट शोधतोय, हे तिच्या मनाला फार लागलं.

दुपारी ट्रॉली आली. आक्काने वरचं पाचट बाजूला सारलं. खालचा थर काळा, ओला, मातीत मुरलेला होता आणि त्यात गांडुळं वळवळत होती. तिने मूठभर उचलून हातावर घेतलं. चार वर्षांपूर्वी ज्या रानात नुसती राख होती, तिथली ही माती. म्हणजे आपण बोललो ते खरंच होतं तर! इतके दिवस ती भांडण जिंकायला बोलत होती. पटलं मात्र तिला आत्ता.

"अनुजा, ट्रॉली माघारी धाड."

"आत्या, बाग जाईल की!"

"जाईल तेवढी जाईल. ह्येला काडी लावाय मला जमायचं न्हाय."

मग सासू-सुनेने शेणी-गोवऱ्या काढल्या, छाटणीच्या काड्या वेचल्या, गोठ्यावरचं जुनं छप्पर उतरवून भिजवलं. थंडी आली त्या पहाटे मोटार सुरू झाली आणि तीन बाजू धुमसत राहिल्या. चौथ्या बाजूला, उदयसिंहाच्या बांधाकडे, काहीच पुरलं नाही. बाग वाचली. बांधाकडच्या दोन ओळी तेवढ्या तडकल्या, नेमक्या त्याच.

ऊन वर आल्यावर तडकलेल्या घडांची पाटी घेऊन आक्का बांधावर गेली. माघारी आलेलं पाचट उदयसिंह पुन्हा सरीत पसरत होता. त्याने त्या दोन ओळींकडे पाहिलं आणि दोन्ही हात वर केले.

"ह्या खेपेला मी न्हाय हां, आक्का!"

"न्हाय रं. ह्या खेपेला मीच." तिने पाटी त्याच्यापुढे ठेवली. "आंबट हायती अजून. पर खा."

उदयसिंहाने एक मणी तोंडात टाकला, तोंड वेडंवाकडं केलं आणि दुसरा उचलला.